दुसऱ्या गाण्याचा तिसरा अंतरा

शुक्रवारी सकाळी आमच्या ह्यांनी दोनदा दाढी केली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण मीच इतकी भांबावले होते की चहात साखरेऐवजी मीठ पडलं नाही हेच नशीब. आमच्या लेकीचा सिनेमा त्या दिवशी लागत होता. पहिलाच सिनेमा, आणि तोही गाण्यांचा. म्हणजे मधूनमधून गाणी असलेला नव्हे, अख्खी गोष्टच गाण्यांतून सांगणारा. अकरा थेटरं, पहिला शो साडेदहाचा.

आता ह्यांची ओळख करून देते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. हे अडतीस वर्षं वर्तमानपत्रात सिनेमाची परीक्षणं लिहितात. घरात ह्यांना बरणीचं झाकण उघडत नाही, पण बाहेर मोठमोठे दिग्दर्शक ह्यांना बघून रस्ता बदलतात. शुक्रवारी पहिला शो बघायचा, दुपारी मजकूर द्यायचा, शनिवारी छापून येणार. अंधारात लिहायची त्यांची एक पद्धत आहे. मांडीवर पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड, उजव्या हातात पेन्सिल, डाव्या हाताचा अंगठा कार्डाच्या कडेला. एक ओळ लिहून झाली की अंगठा बोटभर खाली सरकवायचा, म्हणजे पुढची ओळ आधीच्या ओळीवर चढत नाही. नजर पडद्यावरून हलवायची नाही. एवढा आटापिटा करून जे अक्षर उमटतं, ते त्यांना स्वतःलाही वाचता येत नाही. जगात ते फक्त मला वाचता येतं. म्हणून घरी आले की कार्ड माझ्या टेबलावर ठेवतात आणि हात धुवायला जातात. मग मी मोठ्याने वाचते, हे खुर्चीत डोळे मिटून भर घालतात आणि मी टाइप करते. आधी टाइपरायटरवर करायचे, आता कॉम्प्युटरवर. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, त्यातली अडतीस अशी गेली.

तीन वर्षांपूर्वी लेकीने एक संगीत नाटक बसवलं होतं. लहानपणापासून आम्ही तिला बुटकी म्हणतो. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी बुटकीच. तेव्हा तिनेच हट्ट धरला. "बाबा, मुलगी म्हणून सोडू नका. इतरांसारखंच लिहा." ह्यांनी लिहिलं! पाच ओळींचं कार्ड होतं. शेवटची ओळ अशी: "दिग्दर्शिकेने गाण्यांचा नाद सोडून दुसरा एखादा उद्योग शोधावा." मी वाचली. माझा हात थांबला. ती एक ओळ मी गिळून टाकली असती तर ह्यांना पत्ताही लागला नसता. पण मी मुकाट्याने टाइप केली, वर पूर्णविरामही दिला. ती गोष्ट मला अजून डाचते.

बुटकी रडली नाही, भांडलीही नाही. पेपर वाचला, नीट घडी घातली आणि कामाला गेली. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं म्हणजे "औषध घेतलंत?" आणि "दार लावून घे." कामाबद्दल चकार शब्द नाही. ह्यांनी तर नियमच करून टाकला की घरच्यांवर लिहायचं नाही, आणि बघायचंही नाही. तीन वर्षं माझ्या घरात दोन मोठी माणसं एकमेकांशी पाहुण्यांसारखी वागत होती. माझा जीव नुसता कोंडला होता. मला एवढंच हवं होतं की ह्यांनी तिचा सिनेमा बघावा आणि जे वाटेल ते तिच्या तोंडावर सांगावं. बरं असो, वाईट असो. पण सांगावं.

"अहो, चला ना," मी निघताना शेवटचं विचारलं.

"परीक्षण नव्या मुलीकडे दिलंय पेपरने. मी वाचनालयात जाणार आहे."

"गुळगुळीत दाढी करून?"

"वाचनालयातही माणसं असतात," हे म्हणाले.

मी वन्संना घेऊन निघाले. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. अजूनही बसस्टॉपवर उभ्या राहिल्या की लोक आपोआप रांगेत येतात. वाटेत मला म्हणाल्या, "वहिनी, पडला सिनेमा तर?"

"शुभ बोला हो वन्सं!"

"नाही, पडला तर मी थेटरच्या दारात उभी राहून लोकांना परत आत पाठवीन. तुम्ही काळजी करू नका."

थेटरच्या आवारात बुटकी एका खांबाला टेकून उभी होती. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले, आणि दारातून आत जाणारं डोकं न् डोकं मोजत होती. मला बघितल्याबरोबर माझा दंड धरला. "आई, एकशे बारा झाले! काल रात्रीपर्यंत चाळीसच तिकिटं गेली होती. आणि बाल्कनी मोजलीच नाहीये अजून." मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. "बाबा?"

"नाही गं."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा मोजायला लागली.

आत दिवे गेले आणि मला दरदरून घाम फुटला. तुम्ही कधी आपल्या पोरीच्या परीक्षेच्या वेळी शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहिला असाल तर तुम्हाला कळेल. पडद्यावर जुन्या काळचं टेलिफोन एक्सचेंज उघडलं. लांबच लांब ओळीत बसलेल्या बायका, समोर भोकाभोकांच्या फळ्या, आणि हातात वायरी. एकीने वायर भोकात खुपसली, खट्! दुसरीने खुपसली, खट्! बघता बघता त्या खटखटीचाच ठेका झाला आणि चाळीसजणी एकदम गायला लागल्या. अगं बाई! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पुढच्या रांगेत कॉलेजच्या मुली होत्या, त्यांनी पायांनी ठेका धरला. तो मागे पसरत गेला, आणि गाणं संपेपर्यंत जमीन थरथरत होती. हे माझ्या पोरीने केलंय, माझ्या पोरीने, असं मला शेजारच्या अनोळखी माणसाला गदागदा हलवून सांगावंसं वाटत होतं. सांगितलंही. तो बिचारा "हो का" म्हणाला.

आणि टाळ्या ओसरल्या तेव्हा मला मागून आवाज आला. खर्रर्र. मग क्षणभर शांत. खर्रर्र. पुन्हा शांत.

तो आवाज मी झोपेतही ओळखेन. कार्डावर पेन्सिल चालतेय, आणि मधली शांतता म्हणजे अंगठा खाली सरकतोय. हे आले होते! तीन-चार रांगा मागे, डावीकडे कुठेतरी. वाचनालय म्हणे!

मी मान वळवली नाही. वळवली असती तर उठून गेले असते, इतके मानी. वन्संच्या मांडीवर हात दाबला आणि कानात सांगितलं. त्या म्हणाल्या, "दादा ना! चोरून जेवायचा लहानपणी." मग आम्ही दोघी पुढे डोळे आणि मागे कान लावून बसलो. एका ओळीला एक चूक, असा ह्यांचा हिशेब मला पाठ आहे. पहिल्या गाण्यावर तीन ओळी झाल्या. तीन म्हणजे उत्तम. चांगल्या सिनेमाला पहिल्या वीस मिनिटांत आठ होतात.

मग दुसरं गाणं आलं. एक म्हातारा माणूस एक्सचेंजला फोन लावून कुठलासा नंबर मागतो. फळीवर त्याचीच मुलगी बसलेली असते, भांडून घर सोडून गेलेली. ती आवाज ओळखते, तो ओळखत नाही. तिला नुसता नंबर जोडून द्यायचा असतो. तेवढ्यात ती गाते, अगदी हळू, त्याला ऐकू जाणार नाही अशी. तिसऱ्या अंतऱ्याला मागची पेन्सिल जी सुरू झाली ती थांबेचना! शांतता नाहीच मध्ये, नुसतं खरखर खरखर. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पार चिरफाड चाललीय, मला वाटलं. इतक्या चुका? माझं पुढच्या दहा मिनिटांत पडद्याकडे लक्षच राहिलं नाही.

पण शेवटच्या गाण्याने मला जागेवर आणलं. एक्सचेंज बंद होणार असतं, आणि शेवटच्या दिवशी त्या सगळ्या टेबलांवर चढून नाचतात. काय तो नाच! वायरी काय, खुर्च्या काय, छतावरचे पंखेसुद्धा तालात. लोक उभे राहिले. वन्संनी तोंडात दोन बोटं घातली आणि अशी शिट्टी मारली की डोअरकीपर धावत आला. दिवे लागले तरी टाळ्या चालूच. मी मागे वळून बघितलं. आमच्यामागे चौथ्या रांगेत कडेची एक खुर्ची रिकामी होती.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा हे आलेले नव्हते. दहा मिनिटांनी आले. "वाचनालयात फार गर्दी होती," म्हणाले, खिशातून कार्ड काढलं, माझ्या कीबोर्डशेजारी ठेवलं आणि हात धुवायला गेले.

मी आणि वन्सं एकमेकींकडे बघत राहिलो. अडतीस वर्षांची सवय हो! नळाचा आवाज आला, एकदम बंद झाला, आणि हे ओल्या हातांनी धावत बाहेर आले. पण कार्ड माझ्या हातात होतं.

"दे ते इकडे."

"वाचनालयात पेन्सिलीने काय लिहीत होतात?" मी म्हटलं आणि कार्ड उजेडात धरलं. वर तीन ओळी नीट होत्या, म्हणजे ह्यांच्या मानाने नीट. त्याखाली काही नाही, फक्त एक काळाकुट्ट पट्टा. ओळीवर ओळ, ओळीवर ओळ, कागद फाटेपर्यंत. अंगठा हललाच नव्हता. मी चष्मा वर केला, खाली केला. आयुष्यात पहिल्यांदा मला ह्यांचं लिहिलेलं वाचता आलं नाही.

"काय लिहिलंय हे?"

"मला काय माहीत! मी कधी माझं वाचलंय?" हे तडकले आणि खुर्चीत जाऊन बसले. कान लाल झाले होते.

"दादा, सिनेमा कसा वाटला ते तरी सांग," वन्सं म्हणाल्या.

"नियम आहे."

"घाल तुझा नियम चुलीत!"

पुढचा तासभर वन्संच्या मोबाइलवर परीक्षणं येत राहिली, आणि घराची पार जत्रा झाली. एक वेबसाइट म्हणाली साडेतीन स्टार. दुसरी म्हणाली चार, आणि "थेटरात नाचावंसं वाटतं." ह्यांच्याच पेपरच्या वेबसाइटवर नव्या मुलीने लिहिलं, "मी परीक्षण लिहायला गेले आणि टाळ्या वाजवून हात लाल करून आले." मी ते तीनदा वाचायला लावलं. हे डोळे मिटून बसलेले, पण पायाचं बोट शेवटच्या गाण्याच्या ठेक्यात हलत होतं. मी बघितलं. मग वन्संचा चेहरा पडला. प्रतिस्पर्धी पेपरातल्या दाढीवाल्या परीक्षकाचं आलं होतं. दोन स्टार. "दुसऱ्या गाण्याचा तिसरा अंतरा म्हणजे लाइनवर ताटकळलेलं गिऱ्हाईक. कुणीतरी फोन ठेवा."

"गाढव आहे!" हे खुर्चीतून उठलेच. "ताटकळलेलं गिऱ्हाईक? ह्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही! ह्याने ऐकला तरी का तो अंतरा?"

"कुठला अंतरा, बाबा?"

दारात बुटकी उभी होती. चपला पायातच. कधी आली आम्हाला कळलंच नाही. हे जागच्या जागी थिजले. मी कार्ड पदराखाली घेतलं, का ते मलाच माहीत नाही.

"तुम्ही बघितलात," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

शेवटी वन्संनीच तोंड उघडलं. "चौथ्या रांगेत बसून बघितला. आम्ही साक्षीदार आहोत."

बुटकी आत आली आणि ह्यांच्या समोर स्टुलावर बसली. "बाबा, मी तुम्हालाच शोधत आले. वितरकाचा फोन आला होता. तो म्हणतोय दुसऱ्या गाण्यात लोक चुळबुळतात, तिसरा अंतरा कापा. तीन वाजेपर्यंत हो म्हटलं तर संध्याकाळच्या शोपासून नवी प्रत लागेल. माझी सगळी टीम म्हणतेय राहू दे. पण ते माझी मर्जी सांभाळतात. सकाळपासून जो तो मला मिठ्या मारतोय. मला खरं सांगणारा एकच माणूस माहीत आहे."

घड्याळात सव्वादोन वाजले होते.

"ते नाटकाचं…" ह्यांनी घसा खाकरला. "तेव्हा मी जे शेवटचं वाक्य…"

"ते नाटक वाईटच होतं, बाबा. मला राग त्याचा नव्हता. तुम्ही ते नुसतं पेपरात सांगितलंत, आणि मी समोरच्या खोलीत होते. आत्ताही समोर आहे. सांगा."

हे खुर्चीत परत टेकले. मग ताठ बसले. तो ताठा मला माहीत आहे, आता हे खरं बोलणार. आणि माझ्या मनात आलं, देवा, आज नको. एकदा तरी खोटं बोला हो.

"काप," हे म्हणाले.

बुटकीने ओठ दाबले. "का?"

"दाढीवाला गाढव आहे, पण लांबीचं त्याचं बरोबर आहे. मुलीने आवाज ओळखला, हे पहिल्या अंतऱ्यात कळतं. बापाने ओळखला नाही, हे दुसऱ्यात. तिसऱ्यात नवीन काय? तेच ते."

"तिसऱ्यात ती त्याला सांगते."

"त्याला ऐकूच जात नाही तर काय सांगते?"

"म्हणूनच सांगते ना! ऐकू गेलं असतं तर तिने सांगितलं नसतं!"

"हे तू मला समजावतेयस, प्रेक्षकाला कोण समजावणार?"

"प्रेक्षकाला समजावायचं नाहीये, बाबा! ऐकवायचंय!"

आवाज चढले. खिडकीतून शेजारी डोकावले असतील. आणि मला सांगू? मी मनातून उड्या मारत होते. तीन वर्षांनी माझ्या घरात भांडण चाललं होतं, खणखणीत! वन्सं पंचासारख्या मध्ये उभ्या होत्या, पण एक शब्द बोलत नव्हत्या.

"थांब, दाखवतो," हे उठले. "कुठे रेंगाळतं ते म्हणूनच दाखवतो. घड्याळ लाव. बघ किती वेळ खातं ते."

बुटकीने मोबाइलवर घड्याळ लावलं. ह्यांना गाता येत नाही. पाळण्यातल्या बुटकीने ह्यांचं गाणं ऐकून रडून गोंधळ घातलेला आहे. पण हे खोलीच्या मधोमध उभे राहिले, एक हात मोजायला वर धरला, आणि फाटक्या आवाजात सुरू झाले. एकदा ऐकलेला अंतरा, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"सांगा कुणाशी बोलायचं, मी जोडते,
घरचा नंबर तेवढा विचारू नका."

"बघ, इथे," हे म्हणाले, "इथेच सगळं सांगून झालं. पुढे नुसती ओढाताण." आणि पुन्हा हात वर केला.

"साऱ्या शहराच्या तारा माझ्या हाती,
आपली कुठे…"

आणि गाणं थांबलं. हात तसाच वर राहिला. मला वाटलं शब्द विसरले. "आपली कुठे," हे पुन्हा म्हणाले, आणि पुढचा शब्द निघेना. ओठ हलत होते. अडतीस वर्षांत मी ह्यांना सिनेमामुळे रडताना बघितलेलं नाही, सासूबाई गेल्या तेव्हाही घरात कुणासमोर रडले नव्हते. आता डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हे ते पुसतही नव्हते. बुटकी स्टुलावरून उठली होती, पण पुढे आली नाही. ओळ पुरी करून दिली नाही तिने. ती थांबून राहिली, आणि तिच्या हातातलं घड्याळ पळत राहिलं.

"राहू दे," शेवटी हे म्हणाले. "कापू नकोस. एक अक्षरही काढू नकोस."

बुटकीने तिथूनच वितरकाला फोन लावला. "अंतरा राहणार," म्हणाली, आणि समोरचा काहीतरी बोलत असतानाच फोन ठेवला. मग नाक पुसलं, स्टूल ह्यांच्या खुर्चीजवळ ओढलं आणि विचारलं, "पहिल्या गाण्यातल्या तीन चुका कुठल्या?"

"तुला कुणी सांगितलं तीन म्हणून?"

"आईने आत्ता तुमच्या मागून आधी एक बोट दाखवलं, मग तीन."

हे माझ्याकडे रागाने बघायला गेले, पण ते जमलं नाही. खुर्चीत बसले, बाहीने चेहरा पुसला.

"चपला काढ आधी," हे तिला म्हणाले. "वेळ लागेल."